हिवाळ्यात उलणारे हात



मार्गशीर्ष-पौषात धरणगावच्या परिसरात उत्तरेचे कोरडे वारे सुटतात. काही रात्री पारा 10 अंशांच्याही खाली उतरतो. याच दिवसांत कपाशीची वेचणी चाललेली असते. सकाळी वर्गातील मुलांचे हात पाहावेत, तर बोटांच्या पेरांवर पांढुरकी खरखर, सांध्यांवर बारीक चिरा आणि कोठे कोठे रक्ताचा ठिपका दिसतो. 'हात उलले' एवढेच म्हणून घरी ती गोष्ट सोडून दिली जाते. परंतु उललेल्या हाताने पेन्सिल नीट धरता येत नाही. आणि पाणी लागताच हात चुरचुरतो म्हणून मूल तो धुण्याचे टाळते. मग शालेय पोषण आहाराच्या वेळी तोच हात ताटात जातो. अशा मुलाला अस्वच्छ म्हणून रागे भरणे हा अन्याय होय.

हात का उलतात? त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्या पेशींमधील स्निग्ध द्रव्य आतील ओलावा धरून ठेवते. 30 अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, तर 10 अंशांच्या हवेत अवघे 9 ग्रॅम. अशी बाष्पहीन हवा अंगाच्या उष्णतेने तापली की ती त्वचेतील ओलावा ओढून घेते. धुण्याचा सोडा व कडक साबण यांनी स्निग्धता निघून जाते. तळहातावर तैलग्रंथी मुळीच नसल्यामुळे ती लवकर भरून येत नाही. कपाशीच्या बोंडांची वाळलेली टोके बोटांना ओरखडतात, आणि शेकोटीची धग उरलासुरला ओलावाही नेते.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. हात धुणे सोडू नये. मात्र पाणी कढत नसावे, कोमट असावे, आणि साबण अंगाचा असावा. हात न घासता फडक्याने टिपावेत व किंचित ओलसर असतानाच त्यांवर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोळावे. तेल त्वचेला पाणी देत नाही, असलेले पाणी अडवून धरते. म्हणून ते ओलसर हातालाच अधिक मानवते. निजताना पुन्हा लावावे. कोकणात याच कामी कोकमाच्या बियांचे मुठेल वापरतात. वर्गात तेलाची लहान बाटली ठेवून प्रत्येकाच्या तळहातावर दोन थेंब घालावेत. सर्वांनी एकाच वाटीत बोटे बुडवू नयेत. भेगेत चुना, राख वा माती कदापि भरू नये. त्यातून धनुर्वाताचे भय असते. खडूची भुकटीही हात कोरडे करते. तेव्हा शिक्षकांनीही तास संपताच हात ओल्या फडक्याने पुसून तेल लावावे. मुले ते पाहून शिकतात.

सर्वच हात थंडीने उललेले नसतात. बोटांच्या बेचक्यांत पुरळ असून रात्री खाज वाढत असेल व घरातील इतरांनाही ती असेल, तर ती खरूज असण्याचा संभव आहे. भेगेतून पू येत असेल, किंवा भेग खोल असूनही मुलाला दुखत नसेल, तर विलंब न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे. न दुखणारी जखम ही दुखणाऱ्या जखमेपेक्षा अधिक काळजीची, कारण तेथे संवेदना हरपलेली असू शकते.

थंडी संपेपर्यंत रोज परिपाठानंतर दोन मिनिटे मुलांचे हात पाहण्यासाठी राखून ठेवावीत. ज्याचे हात उलले आहेत त्याला सर्वांसमोर उभे करू नये. जवळ बोलावून तेल द्यावे.