बिलाचे काम परहस्ते देताना

(अचलपूर येथील ज्ञातिमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हास छोट्या धंद्याच्या हिशेबावर बोलण्याची आज्ञा केली आहे. आम्ही धंदेवाले नव्हे. आमचे आयुष्य मुलांना सरळव्याज व नफातोटा शिकविण्यात गेले. तथापि त्याच मुलांची दुकाने आज अचलपूर-परतवाड्यात उभी आहेत, म्हणून चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहो.

आपल्यात लाकडी सामान घडविणारे, लोखंडी दारे-खिडक्या जोडणारे, विहिरीवरचे मोटारपंप दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. दिवसभर हात कामात गुंतलेले असतात. बिल लिहावयाचे ते रात्री, जेवणे उरकल्यावर. ते उद्यावर जाते, उद्याचे परवावर. काम गिऱ्हाइकाकडे पोचते, बिल पोचत नाही. मग पैसा तरी कसा पोचावा?

ह्यावर अलीकडे एक सोय निघाली आहे. अमरावतीस वा पुण्यास आपल्या घरी बसलेला मनुष्य संगणकावर आपली बिले तयार करतो, गिऱ्हाइकास धाडतो, थकलेल्या रकमेची आठवण देतो आणि महिन्याचा मेहनताना घेतो. त्यास ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. आम्ही दूरस्थ मुनीम म्हणू. कारण कल्पना काही नवी नाही. वऱ्हाडातील कापसाच्या अडतीवर मुनीम असेच, आणि रोजकीर्द व खतावणी त्याच्या हाती असे. फरक इतकाच की तो मुनीम डोळ्यांसमोर गादीवर बसे. हा दिसत नाही.

ही सोय परवडते काय, हे गणितानेच पाहू. समजा, महिन्यास तीस बिले होतात व प्रत्येकास पाव तास लागतो. म्हणजे साडेसात तास झाले. कारागिराचा तास दोनशे रुपयांचा धरला तर पंधराशे रुपये वाचले. दूरस्थ मुनीम दोन हजार मागत असेल, तर पाचशेंची खोट दिसते. परंतु बिले वेळेवर गेल्याने बाजारात अडकणारी रक्कम साठ हजारांनी उतरली, आणि तेवढेच पैसे आपण दरमहा दोन टक्क्यांनी उसने आणत असू, तर बाराशे रुपये व्याज वाचते. आता सातशेंचा लाभ झाला. उधारी मुळातच थोडी असेल, तर मात्र हा खर्च करू नये. प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावे.

कायद्याच्या दृष्टीनेही लेखी बिलाचे महत्त्व वाढले आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. नोंदणी असलेल्याने दरमहा विक्रीचे विवरण ११ तारखेपर्यंत व कराचे विवरण २० तारखेपर्यंत भरावयाचे असते. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांस त्रैमासिक विवरणाची मुभा आहे. तारीख चुकली की विलंबशुल्क पडते. दुसरे असे की, २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यानुसार, नोंदलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने, लेखी करार असला तरी, पंचेचाळीस दिवसांपलीकडे अडवून ठेवता येत नाहीत. अडविल्यास चक्रवाढ व्याज लागते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करावी. ती विनामूल्य आहे. आणि विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा सामान्यतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो. ज्याच्यापाशी तारखेचा कागदच नाही, तो ह्या संरक्षणाचा उपयोग कसा करणार?

आता सावधगिरीची गोष्ट. विवरण दुसऱ्याने भरले तरी त्यातील मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी नोंदणीधारकाचीच राहते, असे वस्तू व सेवा कराच्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे. सबब लेखणी परक्याच्या हाती द्यावी, किल्ली देऊ नये. बिल करणे, पाठविणे, जमा रकमा ताडून पाहणे ही कामे द्यावीत. भाव ठरविणे, सूट देणे, उधार कोणास द्यावयाचे हे आपणच ठरवावे. बँकेचा पासवर्ड, यूपीआयचा पिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणासही सांगू नये. हिशेबाची एक प्रत आपल्या घरी असावी आणि महिन्यातून एकदा ती स्वतः वाचावी. तगाद्याचा मजकूरही आपणच पाहून द्यावा. येथे गिऱ्हाईक बहुधा शेजारी किंवा सोयरा असतो. परक्याच्या रूक्ष शब्दाने वीस वर्षांचा घरोबा तुटतो.

शेवटी ज्ञातीपुढे एक विचार ठेवतो. आपल्या कित्येक मुली व सुना बी. कॉम. झाल्या आहेत, टॅली शिकल्या आहेत आणि घरी बसून आहेत. दहा दुकानांची बिले दोघी-तिघींनी सांभाळली तर पैसा घरातच राहील. ह्यावर आक्षेप येतो तो आम्हास ठाऊक आहे. आपल्याच माणसास आपली मिळकत कळली की ती उद्या सोयरिकीच्या बैठकीत निघते. म्हणून लोक मुद्दाम बाहेरचा मनुष्य शोधतात. हा आक्षेप खोटा नाही. त्यावर उपाय एकच. काम, मेहनताना व गुप्तता ह्यांचा लेखी करार व्हावा, आणि जी बाई दुसऱ्याचा आकडा तोंडाबाहेर काढणार नाही तिलाच काम मिळावे. ज्या ज्ञातीत असा विश्वास नांदतो, तिला आपल्या ऐक्याविषयी निराळे भाषण करावे लागत नाही.

आणखी एक. पुष्कळ घरांत येणे किती व कोणाकडे, हे एका कर्त्या पुरुषाच्या डोक्यातच असते. तो अकस्मात गेला की देणेकरी दारात येतात, परंतु येणे कोणाकडून हे त्याच्या पत्नीस ठाऊक नसते. हिशेब कोणीही लिहो, पण तो कागदावर उतरावा आणि घरातील दुसऱ्या माणसास वाचता यावा. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने येणे बाकीची एक यादी करावी व ती पत्नीस वाचून दाखवावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.