इवले रेणू आणि आईची साखर



हा विषय डॉक्टरांचा, शिक्षकाने त्यात का पडावे, असे आपणांस वाटेल. परंतु तो घराघरांतला आहे. गर्भारपणात काही स्त्रियांच्या रक्तातील साखर वाढते. तसे झाले की घरात पहिला शेरा ऐकू येतो, "सूनबाईंनी गोडधोड फार खाल्ले!" हा निवाडा घाईचा आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

गर्भाचे पोषण करणारी वार आईच्या रक्तात काही संप्रेरके सोडते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. बाळाला साखर पुरेशी मिळावी म्हणून निसर्गानेच केलेली ही योजना आहे. बहुतेक स्त्रियांचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करून तोल सांभाळते. ज्यांना ते जमत नाही त्यांची साखर चढते. वय, वजन, घराण्यातील मधुमेह आणि आहार, या सर्वांचा त्यात वाटा असतो. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचे इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवते व प्रमाणाबाहेर वाढते. प्रसूती अवघड होते आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते.

आता मायक्रोआरएनए नावाच्या रेणूंकडे वळू. शाळेचेच उदाहरण घ्या. मूळ वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या कपाटात असते, शिपाई त्याची नक्कल वर्गावर नेतो. पेशीत मूळ आज्ञा डीएनएमध्ये असते. तिची नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, आणि त्यावरून प्रथिन तयार होते. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ घटकांचा तुकडा त्या नकलेला चिकटतो आणि प्रथिनाचे उत्पादन कमी करतो. १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या संशोधनातून तो प्रथम उजेडात आला, तोही मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीत! पुढे असे रेणू माणसातही सापडले, आणि २०२४ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यांतील ३७५ क्रमांकाचा रेणू स्वादुपिंडातील इन्सुलिनच्या स्रवण्यावर नियंत्रण ठेवतो. वारही आपले मायक्रोआरएनए आईच्या रक्तात सोडते. २०११ साली चीनमधील संशोधकांनी १६ ते १९ आठवड्यांच्या गर्भवतींचे रक्त तपासले. ज्यांना पुढे मधुमेह झाला त्यांच्या रक्तात २९ए, १३२ आणि २२२ हे तीन रेणू आधीच कमी होते. साखर चढण्यापूर्वीच शरीरात काही बदललेले होते, असा याचा अर्थ. मात्र निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष अद्याप जुळत नाहीत. म्हणून ही तपासणी दवाखान्यात आलेली नाही.

तेव्हा आपल्या हाती आहे ती साधी तपासणी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात व दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० मिलिग्रॅम वा अधिक आली तर उपचार सुरू करावयाचे. ही तपासणी पहिल्या भेटीतच करावी. साखर नीट आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा करावी. बेताचा आहार व चालणे यांनी पुष्कळजणींची साखर आटोक्यात राहते. न राहिल्यास डॉक्टर औषध वा इन्सुलिन देतात. त्याला घाबरू नये. रमजानात अशा गर्भवतीने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. रोजे पुढे ढकलण्याची सवलत शरीअतने तिला दिलेलीच आहे.

बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि सारे घर ती गोष्ट विसरते. येथेच खरा धोका आहे. अशा स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतरांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. म्हणून सहा आठवड्यांनी एकदा व नंतरही ठराविक काळाने तपासणी करावी.

माता-भगिनींनो, सुनेच्या ताटावर नजर ठेवण्याऐवजी तिच्याबरोबर दवाखान्यात जा. आणि विद्यार्थिनींनो, एका कृमीच्या अभ्यासातून इथवर वाट निघाली. पुढचा रस्ता अजून मोकळा आहे. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेने जाणार असेल, तर पालकांनी तिला अडवू नये, एवढीच माझी विनंती.