ओम दर-ब-दर : बेडकाच्या पोटातले हिरे

आज अशा एका सिनेमाबद्दल बोलू, ज्याची स्टोरी सांगायला घेतली की सांगणाराच अडकतो. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर'.

स्वरूप पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेले. एनएफडीसीच्या पैशातून हा हिंदी सिनेमा झाला. 1988 साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, फिल्मफेअरचा समीक्षक पुरस्कारही मिळाला. पण थिएटरला लागलाच नाही! नीट दुरुस्त केलेली प्रत मोजक्या मल्टिप्लेक्सला आली ती थेट जानेवारी 2014 मध्ये. 26 वर्षांनी.

मधल्या काळात तो जगला व्हिडिओ कॅसेटवर. कॉपीची कॉपी, तिची आणखी कॉपी. आपण फाईल कॉपी करतो तेव्हा बाइट न् बाइट तीच राहते. व्हीएचएसचं तसं नाही, दर कॉपीला चित्र पुसट होतं, खरखर वाढते. आधीच कोड्यासारखा सिनेमा, त्यात धूसर चित्र. संग्राहकांना आणखी काय हवं? माझं मत विचाराल तर यातले निम्मे 'माझ्याकडे आहे' यावरच खूश असतात. पण सिनेमा जिवंत ठेवला तो त्यांनीच.

आता त्यात आहे काय? अजमेर-पुष्करकडचा ओम नावाचा पोरगा. बाप सरकारी नोकरी सोडून ज्योतिषाच्या नादी लागलेला. पोरगा पाण्याखाली श्वास रोखण्यात पटाईत. शाळेतलं विज्ञान, ज्योतिष, रेडिओ, जाहिराती, देवधर्म, सगळं त्या वयात येणाऱ्या डोक्यात घुसळतं आणि पडद्यावर तसंच सांडतं. बेडकांच्या पोटात हिरे निघतात.

समीक्षक याला सर्रियल म्हणतात. मी पडलो धाराशिवचा. आपल्याकडे पावसाने ओढ दिली की पोरं मुसळाला बेडूक बांधून, लिंबाचा पाला गुंडाळून दारोदार धोंडी मागायची आणि आयाबाया वरून पाणी ओतायच्या. त्याच घरातला मोठा पोरगा कोपऱ्यात बसून पेपरसाठी बेडकाची पचनसंस्था पाठ करायचा. दोन्ही बेडूक एकाच डोक्यात मावायचे, कुणाला काही वाटायचं नाही. म्हणून ओमचं डोकं मला परकं वाटलंच नाही. खटकतं ते एवढंच, की छोट्या गावातल्या पोराचा हा सिनेमा मोठ्या शहरांतल्या संग्राहकांची दुर्मिळ वस्तू होऊन बसला. तुळजापूर-परंड्याच्या पोरांनी त्याचं नाव तरी कुठं ऐकलंय?

बघणार असाल तर अर्थ लावत बसू नका. मोबाईलवर बघताना हेडफोन हवाच, कारण अर्धी गंमत आवाजात आहे. आणि जमलं तर आजीलाही शेजारी बसवा. बेडकाच्या सीनला ती दचकणार नाही, पैज लावतो.