एका हंगामाची कबड्डी



मुलींच्या खेळाला मैदान मिळाले की काय घडते, हे धाराशिवकरांना मी सांगायला नको. आपल्या सारिका काळे यांनी खो-खोसाठी २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळवला. आज मी बोलणार आहे ते मिळालेले मैदान गेल्याविषयी.

पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. २०१६ साली तिच्या जोडीने 'विमेन्स कबड्डी चॅलेंज' भरले. संघ तीनच: फायर बर्ड्‌स, आइस दिवाज आणि स्टॉर्म क्वीन्स. आइस दिवाजची कप्तान मुंबईची अभिलाषा म्हात्रे. ३१ जुलैला हैदराबादेत, पुरुषांच्या अंतिम सामन्याच्याच दिवशी, स्टॉर्म क्वीन्सने फायर बर्ड्‌सना २४-२३ असे हरवले. अवघ्या एका गुणाने! याहून चुरस ती कोणती? पण पुढच्या वर्षी पुरुषांचे संघ आठाचे बारा झाले आणि महिलांचे तिनाचे शून्य.

खेळ कमी पडला म्हणावे, तर २०१० आणि २०१४ ची आशियाई सुवर्णपदके भारतीय महिलांनी जिंकलेलीच होती. माझ्या मते उणीव हक्काची होती. आम्ही कामगार चळवळीतली माणसे बदली कामगार ओळखतो. काम तेच, घाम तोच. पण उद्या बोलावणे येईल की नाही, हे त्याला ठाऊक नसते. या मुलीही बदलीवरच खेळल्या.

तेव्हा मुलींच्या सामन्याला टाळ्या जरूर द्या. पण उठण्यापूर्वी आयोजकांना एवढे विचारा, पुढच्या वर्षीची तारीख ठरली का?