यंत्रानें सोडविलेलें गणित आणि त्याचा ताळा



संगणकाला आज्ञा लिहून देण्याचें काम आतां संगणकच करूं लागला आहे. "मला अमुक प्रकारची हिशेबवही करून दे" असें साध्या इंग्रजींत, किंबहुना मराठींतही सांगितलें, तर तो कांहीं क्षणांत शेंकडों ओळींची आज्ञावली लिहून पुढें ठेवतो. ज्या कामावर पुण्यामुंबईचीं लक्षावधि कुटुंबें उभीं आहेत, त्याच कामाची ही गोष्ट असल्यामुळें घरोघरीं एक प्रश्न विचारला जात आहे: मुलाला किंवा मुलीला या विद्येकडे पाठवावें कीं न पाठवावें? मी अभियंता नव्हे. भंडारा जिल्ह्यांतील आंबागड येथें राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर मुलांकडून गणितें सोडवून घेतलेला एक निवृत्त शिक्षक आहें. परंतु आमच्या तुमसर तालुक्यांतूनही मुलें नागपूरच्या महाविद्यालयांत जातात, तेथून मिहानमध्यें किंवा पुण्याजवळ हिंजवडीला नोकरीस लागतात, आणि त्यांचे आईबाप हाच प्रश्न मला विचारतात. त्याचें उत्तर मला जसें दिसतें तसें आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम हा धंदा महाराष्ट्रांत कसा वाढला तें पाहूं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत 'टिफ्रॅक' नांवाचा संगणक १९६० सालीं कामास लागला. तो येथल्याच शास्त्रज्ञांनीं बांधला होता. १९६८ सालीं मुंबईंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली व फकीरचंद कोहली यांनीं ती नांवारूपास आणली. इन्फोसिस ही आज बंगळूरची म्हणून ओळखली जाते, पण तिचा जन्म १९८१ सालीं पुण्यांत झाला, आणि भांडवल होतें अवघें १०,००० रुपये. १९८८ सालीं पुण्यांत सी-डॅक ही सरकारी संस्था आणि १९९० सालीं पर्सिस्टंट सिस्टिम्स ही खासगी कंपनी स्थापन झाली. पुढें इ. स. २००० जवळ येतांच, जुन्या संगणकांत सालाचे शेवटचे दोनच अंक नोंदलेले असल्यामुळें जो घोटाळा व्हावयाचा होता, तो निस्तरण्याचें काम परदेशांतून मोठ्या प्रमाणावर आपल्याकडे आलें, आणि धंद्याला भरती आली.

या धंद्यांत विकलें काय जात होतें? बहुतांशीं माणसांचे तास. अमुक इतकीं माणसें अमुक इतके महिने काम करतील, त्याचे इतके डॉलर, असा करार असे. आतां दहा दिवसांचें काम चार दिवसांत होऊं लागलें, तर गिऱ्हाईक उरलेल्या सहा दिवसांचे पैसे कशासाठीं देईल? तेव्हां या यंत्राचा धक्का कामाच्या पद्धतीइतकाच किंमत ठरविण्याच्या रीतीलाही बसला आहे. कंपन्या 'तास' विकण्याऐवजीं 'पुरें झालेलें काम' विकण्याची भाषा बोलूं लागल्या आहेत, ती यामुळेंच.

हें यंत्र लिहितें तरी कसें? २०१७ सालीं गूगलमध्यें काम करणाऱ्या आठ संशोधकांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतील निकी परमार यांचें अभियांत्रिकीचें शिक्षण पुण्यांत झालें होतें, हें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. वाक्यांतील प्रत्येक शब्दाचा इतर शब्दांशीं संबंध किती, हें तोलून पाहण्याची एक नवी रीत त्यांनीं मांडली. त्या रीतीच्या पायावर उभारलेल्या यंत्रांना अपार मजकूर वाचावयास देतात, आणि 'यापुढचा शब्द कोणता असावा' एवढें एकच ओळखण्याचा सराव त्यांच्याकडून अब्जावधि वेळां करून घेतात. त्या मजकुरांत जगभरच्या लोकांनीं खुल्या ठेवलेल्या आज्ञावल्याही होत्या. त्यामुळें जून २०२१ मध्यें आज्ञावलीची पुढची ओळ सुचविणारें 'कोपायलट' हें साधन पुढें आलें, आणि ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' सामान्य माणसाच्या हातीं पडलें.

वर्गांतल्या उदाहरणानें सांगतों. अशी कल्पना करा कीं, एका मुलानें जगांतील सर्व गणितांचीं गाइडें वाचलीं आहेत. नवें गणित दिलें कीं, अशा गणितांत पुढची पायरी बहुधा कोणती येते तें आठवून तो भराभर लिहितो. बहुतेक वेळां उत्तर बरोबर येतें. चुकतें तेव्हांही अक्षर तितकेंच वळणदार, पायऱ्या तितक्याच सुबक आणि चेहरा तितकाच निःशंक! कच्चा विद्यार्थी अडखळतो, त्यावरून मास्तराला चूक कोठें आहे हें कळतें. हा अडखळत नाहीं. म्हणून याची वही तपासणें अधिक अवघड.

असलें स्थित्यंतर या व्यवसायांत पूर्वींही घडलें आहे. आरंभीं संगणकाला आज्ञा आंकड्यांच्या सांकेतिक लिपींत द्याव्या लागत. १९५२ च्या सुमारास अमेरिकेंत ग्रेस हॉपर यांनीं, आणि १९५७ सालीं 'फोर्ट्रान' ही भाषा काढून जॉन बॅकस यांच्या मंडळींनीं, तें किचकट काम यंत्रावर सोंपविलें. त्या काळीं त्याला 'स्वयंचलित आज्ञालेखन' असेंच म्हणत. परंतु आज्ञा लिहिणारे कमी न होतां उलट वाढले. कारण काम स्वस्त झालें आणि पूर्वीं ज्यांना तें परवडत नव्हतें तेही मागूं लागले.

तथापि एवढ्यावरून निश्चिंत होणें बरें नव्हे. आमच्या जिल्ह्याचा एक जुना अनुभव आहे. पवनी, मोहाडी, आंधळगांव हीं मागावरच्या विणकामाचीं गांवें. १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरास सुरू झाली. देशांत कापड वाढलें, स्वस्त झालें, गिरण्यांतून हजारोंना काम मिळालें. परंतु गिरणीच्या मालाचा घाव मागावर पडलाच. तो आधीं पडला जाडेंभरडें कापड विणणारांवर. रेशीमकांठी बारीक कापड विणणारे कोष्टी त्यामानानें अधिक काळ टिकले. एकूण धंदा वाढतो या सत्यानें ज्याचा माग बंद पडला त्याचें पोट भरत नाहीं. आज्ञावल्यांतही जाडेंभरडें आणि बारीक असा भेद आहे. त्याच त्या नमुन्याचे अर्ज, तींच तीं कोष्टकें, एका भाषेंतील आज्ञा दुसरींत उतरविणें, हें जाडें सूत यंत्रानें आधीं उचललें आहे.

मग बारीक काम तें कोणतें? याचा उलगडा दोन प्रयोगांवरून होतो. पहिल्यांत ९५ प्रोग्रामरांना एक लहानसें, कोऱ्या पाटीवरून करावयाचें काम दिलें होतें. ज्यांना कोपायलटची मदत होती त्यांना इतरांपेक्षां ५५.८ टक्के कमी वेळ लागला. दुसरा प्रयोग २०२५ सालीं 'मेटर' या अमेरिकन संस्थेनें प्रसिद्ध केला. त्यांत १६ मुरलेले प्रोग्रामर होते, आणि कामें होतीं त्यांच्याच वर्षानुवर्षांच्या परिचयाच्या मोठमोठ्या आज्ञावल्यांतील, एकूण २४६. तेथें यंत्राची मदत घेतली असतां १९ टक्के अधिक वेळ लागला. आणि गंमत अशी कीं, आपला सुमारें २० टक्के वेळ वांचला असें त्या मंडळींना काम संपल्यावरही वाटत होतें! हीं साधनें २०२५ च्या आरंभींचीं. पुढें तीं सुधारत गेलीं. तथापि धडा टिकाऊ आहे. नव्या घराची भिंत यंत्र झटपट रचतें. जुन्या वाड्यांत कोणती तुळई कशावर टेकली आहे, हें जाणणाराला यंत्राचें लिहिणें वाचून, पारखून, दुरुस्त करून घ्यावें लागतें. बारीक काम तें हेंच.

आमच्या शाळेंत याला 'ताळा पाहणें' म्हणत. ४५६ आणि २७८ यांची बेरीज ७३४. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज १५, तिचे ६. दुसरीची १७, तिचे ८. सहा आणि आठ चौदा, त्यांचे ५. उत्तराचे अंक मिळवले तर तेही १४, म्हणजे ५. ताळा जमला. पण एखाद्यानें घाईंत ७३४ ऐवजीं ७४३ लिहिलें, तर? ताळा तेव्हांही जमतो, आणि उत्तर मात्र चूक असतें! म्हणून ताळा पाहणाराला ताळ्याची मर्यादाही ठाऊक असावी लागते. सॉफ्टवेअरमध्यें आज नेमका हाच पेंच आहे. आज्ञावलीही यंत्र लिहितें आणि तिची परीक्षा घेणारी प्रश्नपत्रिकाही तेंच काढतें. मूळ समजुतींतच चूक असेल तर दोहोंतही तीच उतरते, आणि परीक्षेंत शंभरांपैकीं शंभर गुण पडतात.

व्यापार-व्यवहारांतही हीच कसोटी लावतां येते. गोंदियाकडील भाताच्या गिरण्यांत कॅमेऱ्यानें डागी दाणा ओळखून हवेच्या झोतानें बाजूस उडविणारें यंत्र असतें. त्याची एखादी चूक झाली तर एक चांगला दाणा वायां जातो. त्यासाठीं कोणी दाण्यादाण्यावर पहारा ठेवीत नाहीं. याच्या उलट एक प्रसंग पाहा. ऑक्टोबर २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें प्राप्तिकराची एक आकारणी रद्द केली. त्या आदेशांत आधार म्हणून ज्या निवाड्यांचा हवाला दिला होता, ते निवाडे मुळीं अस्तित्वांतच नव्हते. कृत्रिम बुद्धीनें पुरविलेल्या मजकुरावर अधिकाऱ्यांनीं डोळे झांकून विसंबूं नये, तो वापरण्यापूर्वीं पडताळून घ्यावा, असें न्यायालयानें बजावलें. तेव्हां चूक झाल्यास नुकसान काय आणि तें कोणाचें, हें आधीं ठरवावें. नुकसान दाण्याएवढें असेल तेथें काम यंत्राच्या हवालीं करावें. कोणाची मिळकत, औषध किंवा अब्रू पणाला लागत असेल तेथें ताळा पाहणारा माणूस नेमून त्याची सही घ्यावी.

आतां मला जी खरी काळजी वाटते तिच्याकडे वळतों. जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सीनें त्या आर्थिक वर्षांत आपल्या मनुष्यबळापैकीं सुमारें २ टक्के, म्हणजे १२,००० हून अधिक, माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. झळ मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणींना लागेल, आणि याचें कारण यंत्रानें वांचविलेला वेळ हें नसून कौशल्यांचा मेळ न बसणें हें आहे, असा कंपनीचा खुलासा होता. तो मान्य केला तरी खालच्या पायरीचा प्रश्न उरतोच. आजवर नवशिक्या मुलाला किरकोळ दुरुस्त्या, चाचण्या, लहान कोष्टकें असलीं कामें देत. तीं करतां करतां, वरिष्ठांची बोलणीं खात खात, पांच-सात वर्षांत तो इतरांचें काम पारखूं शके. तींच कामें आतां यंत्र करतें. पायरी काढून घेतली तर माणूस माडीवर चढणार कोठून? आज ताळा पाहणारे आहेत, कारण त्यांनीं एके काळीं स्वतः गणितें सोडविलीं. ज्यानें एकही गणित हातानें सोडविलें नाहीं, तो उद्यां यंत्राचें गणित तपासणार कसा? आणि बँकेचा, इस्पितळाचा, रेल्वेचा कारभार ज्या आज्ञावल्यांवर चालावयाचा, त्या कळणारें माणूसच उरलें नाहीं, तर त्याची किंमत सर्वांनाच मोजावी लागेल.

म्हणून कंपन्यांना माझें सांगणें असें कीं, उमेदवारीचा खर्च हा धर्मादाय समजूं नये. नव्या मुलांना कांहीं महिने हातानें लिहूं द्यावें. मग यंत्रानें लिहिलेलें देऊन त्यांतील दोष शोधावयास लावावें. शाळा-महाविद्यालयांनीं उत्तराला गुण कमी आणि पडताळ्याला अधिक द्यावे.

आणि आईबापांना? या विद्येकडे मुलांना खुशाल पाठवा. पण केवळ पदवीचें नांव आणि पगाराचा आंकडा पाहून पाठवूं नका. तीन गोष्टी त्यांच्याजवळ असूं द्या. पहिली, गणित व तर्क यांची पक्की बैठक, म्हणजे सुबक अक्षराला तीं भुलणार नाहींत. दुसरी, भाषा. आपल्याला काय हवें आहे हें नेमक्या शब्दांत मांडणें हेंच आतां आज्ञा देणें होऊन बसलें आहे; ज्याचें मराठी वाक्य मोघम, त्याला यंत्राचें उत्तरही मोघम मिळेल. तिसरी, संगणकाबाहेरच्या एखाद्या तरी व्यवहाराची जवळून ओळख. धानाचा ओलावा, दवाखान्याची रांग, पतपेढीचें खातें, यांतलें कांहीं तरी ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें आहे, त्याला यंत्राचें उत्तर कागदावर बरोबर असूनही गिरणींत किंवा दवाखान्यांत कां चालणार नाहीं हें सांगतां येईल. हें ज्ञान आमच्या खेड्यांतल्या मुलांपाशीं पुष्कळ असतें. शहरांत गेल्यावर तें लपविण्याचें त्यांना कारण नाहीं.

मुलानें यंत्राकडून गणित सोडवून घेतलें म्हणून त्याच्यावर रागावूं नका. वही पुढें ओढा, आणि त्याचा ताळा त्यानें कसा पाहिला एवढें त्याला विचारा. त्याला तें सांगतां आलें, तर त्याच्या पोटापाण्याची फारशी चिंता करण्याचें कारण नाहीं.