परावलंबनातील स्वातंत्र्य

परावलंबन हा आपल्याकडे दोष मानला जातो. परंतु संगणकाच्या प्रोग्रामरचनेत असे एक परावलंबन आहे, की जे पत्करल्याने स्वातंत्र्यच लाभते. त्यास ‘डिपेंडन्सी इंजेक्शन’ म्हणतात. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली एका लेखात या नावाचा पुरस्कार केला. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे.

नाटकाचेच उदाहरण घ्या. ऐन प्रवेशात नट तलवार घडविण्यास लोहाराकडे जात नाही. विंगेतील साहाय्यक ती त्याच्या हाती देतो. म्हणूनच तालमीत लाकडी तलवारीवर भागते आणि नटाला भाषणातले अक्षरही बदलावे लागत नाही.

इंटरनेटवरील दुकानाचेही तसेच आहे. मागणी नोंदविणारा घटक ईमेल धाडणारी सेवा स्वतः निर्माण करीत नाही; ‘मला अशी सेवा हवी’ एवढेच तो सांगतो. कोणती सेवा द्यावयाची, हे प्रोग्राम सुरू होतानाच एके ठिकाणी नोंदलेले असते, आणि कंटेनर नावाची यंत्रणा ती पुरविते. चाचणीच्या वेळी खऱ्या सेवेच्या जागी नकली सेवा दिली, की एकाही ग्राहकाला पत्र न जाता सारे तपासता येते.

परंतु नोंद करताना सेवेचे आयुष्यही ठरवावे लागते. २०१६ साली आलेल्या एएसपी डॉट नेट कोअरमध्ये याचे तीन प्रकार आहेत. ‘सिंगलटन’ ही साऱ्या प्रोग्रामास एकच, रंगमंचावरील पडद्यासारखी. ‘स्कोप्ड’ ही एका विनंतीपुरती, एका प्रयोगात फाडावयाच्या पत्रासारखी. ‘ट्रान्झियंट’ ही मागाल तेव्हा नवी.

खरा धोका येथेच आहे. ग्राहकाची ओळख बाळगणारी स्कोप्ड सेवा एखाद्या सिंगलटनने धरून ठेवली, की विनंती संपली तरी ती सुटत नाही. आणि एका ग्राहकाचा पत्ता दुसऱ्याच्या पानावर उमटू शकतो. ही चूक पकडणारी तपासणी वरील चौकटीत आहे; पण ती आपोआप चालते केवळ प्रोग्राम घडविण्याच्या काळात. प्रत्यक्ष वापरात ती मुद्दाम चालू करावी लागते.

तेव्हा तरुण प्रोग्रामकारांनी प्रत्येक नोंदीपाशी क्षणभर थांबून विचारावे : ही वस्तू कोणाची, आणि किती काळाची? ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती त्या उत्तरावर सुरक्षित राहते.