सभेची बातमी घरोघरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला दर वर्षी कुणीतरी एक सभासद बोलते. गेल्या वर्षी उन्हाळी वाळवणांवर फार छान भाषण झाले होते. यंदा चिटणीसबाईंनी मला चौकातल्या फळ्याविषयी बोलायला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठे शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. पण फळ्यावर खडूने लिहायला सातवी पुरते, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

देवळासमोरच्या भिंतीवरचा आपला फळा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. 2017 सालच्या जूनमध्ये तो लागला. त्याआधी नगरपरिषदेत काय चालते ते आपल्याला कधी कळायचे? पाणीपट्टीचे बिल दारात आले म्हणजे. निर्णय व्हायचा सभेत आणि आपल्याला कळायचा बिलात. मग चार दिवस नळावर आणि गिरणीत बोलणे व्हायचे, की असे कसे केले, कुणी केले. पाचव्या दिवशी आपण बिल भरून टाकत असू. बोलणाऱ्यांत कुणीच खोटे नव्हते; पण बोलण्याची वेळ टळून गेलेली असे.

त्या वर्षी मंडळात एका वकीलबाईंचे व्याख्यान झाले. त्यांनी सांगितले ते मी वहीत उतरून घेतले होते. आपल्या नगरपरिषदेचा कारभार 1965 सालच्या कायद्याने चालतो. त्यात असे आहे की सर्वसाधारण सभा असेल तर पूर्ण सात दिवस आणि विशेष सभा असेल तर पूर्ण तीन दिवस आधी नोटीस निघाली पाहिजे. तीत सभेची जागा, वेळ आणि सभेपुढे येणारे विषय लिहिलेले हवेत. ही नोटीस नगरसेवकांना तर जातेच, पण कचेरीतही लावायची असते. ती कुणासाठी? आपल्यासाठीच की! आणि सभा लोकांना खुली असते. काही खास कारणाने दार बंद करायचे ठरले तर गोष्ट वेगळी. नाहीतर कुणीही नागरिक जाऊन बसू शकतो. बोलता मात्र येत नाही. बोलायचा अधिकार नगरसेवकांचा, आपण ऐकायचे.

माझी धाकटी जाऊ खेड्यात असते. तिच्याकडे ह्या बाबतीत बरे आहे. ग्रामसभेचे सभासद म्हणजे गावचे सगळे मतदारच, तेव्हा तिला उठून विचारता येते. शिवाय ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असाही नियम आहे. ती मला चिडवते, “वहिनी, तुम्ही शहरातल्या, पण तुम्हाला तोंड नाही.” मी म्हणते, तोंड नसले तर नसू दे, आमचा फळा आहे.

पहिल्यांदा आम्ही दोघी कचेरीत नोटीस बघायला गेलो, तेव्हा ती दाखल्यांच्या अर्जांच्या मागे, लोखंडी जाळीच्या आत लावलेली होती. शिपायाने विचारले, “कुणाचे काम आहे?” आमच्याबरोबरच्या भगिनी म्हणाल्या, “आमचेच.” त्याला काही तो उलगडा झाला नाही, पण जाळी उघडून दिली. आता तोच शिपाई नोटीस लागली की लांबूनच हात करतो.

खरी अडचण नोटीस मिळण्याची नव्हती, ती समजण्याची होती. विषयपत्रिकेची भाषा अशी असते की वाचणाऱ्याने हात जोडावेत. प्रत्येक विषयाच्या शेवटी “बाबत विचारविनिमय करून निर्णय घेणे” हे असायचेच. त्याच्या आधी चार ओळींचे एकच वाक्य. आम्ही त्याची फोड करायला शिकलो. तांदूळ निवडतो तसे करायचे: काम कोणते, कोणत्या आळीतले, पैसे किती, आणि कुणाला द्यायचे. एवढे चार दाणे हाताला लागले की बाकीचे टाकून द्यायचे आणि फळ्यावर आपल्या बोलीत लिहायचे. “भूमिगत जलनिःसारण वाहिनी” असे आम्ही लिहीत नाही. “अमक्या गल्लीतले गटार” असे लिहितो.

सर्वात मोठी परीक्षा 2019 साली झाली. विशेष सभेची नोटीस लागली होती. तीन दिवसांची मुदत. सातवा विषय असा होता: “मंजूर विकास योजनेतील खेळाचे मैदान ह्या आरक्षणामध्ये महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चे कलम 37 नुसार फेरबदल करणेबाबत.” आरक्षणाचा नुसता आकडा दिलेला, जागेचे नाव नाही. आम्ही नकाशा मागितला. नकाशावर बोट ठेवून ठेवून जागा काढली, तर ती मुलींच्या शाळेमागची मोकळी जागा! ज्या जागेवर आपल्या मुली लंगडी-खोखो खेळल्या, जिथे आपले भोंडले झाले, तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते.

संध्याकाळी फळ्यावर मी एकच ओळ लिहिली: “शाळेमागच्या मैदानावर दुकाने करावीत काय, हा विषय परवाच्या सभेपुढे आहे.” पुढे उद्गारचिन्हसुद्धा काढले नाही. सभेला चौतीस बायका गेल्या. सभागृहात लोकांसाठी बारा खुर्च्या होत्या. बाकीच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. कुणी चकार शब्द काढला नाही. पण भगिनींनो, ऐकणारे समोर असले म्हणजे बोलणाऱ्याला जरा सावरून बोलावे लागते. त्या दिवशी त्या विषयावर पाऊण तास चर्चा झाली. एरवी असे विषय “मंजूर, मंजूर” म्हणत पुढे जातात, हे मी स्वतः पाहिले आहे.

ठराव तरीही बहुमताने झाला. काही जणी घरी येऊन रडल्या. पण वकीलबाईंनी सांगितले की हे शेवटचे नाही. अशा फेरबदलाची जाहीर सूचना काढावी लागते आणि एक महिना लोकांच्या हरकती व सूचना घ्याव्या लागतात. मग सुनावणी, आणि अखेरची मंजुरी सरकारची. ज्यांना सभेचीच बातमी नसते त्यांना हा महिनाही कळत नाही. तो निघून जातो आणि कागदावर “हरकती आल्या नाहीत” असे लिहिले जाते. आम्ही फळ्यावर रोज उरलेले दिवस लिहीत गेलो. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस. दोनशेच्या वर हरकती गेल्या. लिहिता न येणाऱ्या आजींचे अंगठे होते, तशी सातवी-आठवीतल्या मुलींच्या आयांची पत्रे होती. प्रत्येकीने पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नये, हे मी मुद्दाम सांगते.

सुनावणीला आम्हाला बोलता आले. प्रस्ताव पुढे गेला, त्याचा निकाल आजपर्यंत आपल्या हाती आलेला नाही. मैदानावर अजून मुली खेळतात. जिंकलो असे मी म्हणणार नाही. दर दोन-चार महिन्यांनी आम्ही चौकशी करतो आणि “निर्णय नाही” असे फळ्यावर लिहितो, एवढेच.

फळ्याचे नियम आम्ही सुरुवातीलाच ठरवले होते. झाले तेवढेच लिहायचे. कुणाची स्तुती नाही, कुणाची निंदा नाही, आणि निवडणुकीच्या काळात उमेदवाराचे नावही नाही. ठरावाच्या बाजूने कोण, विरुद्ध कोण, हे मात्र लिहायचे. त्यावरून एकदा एका नगरसेविकेचे यजमान घरी आले. “आमच्या हिचे नाव फळ्यावर कशाला?” मी चहा ठेवला आणि म्हटले, “भाऊसाहेब, हात त्यांनी वर केला म्हणून नाव त्यांचे लिहिले. तुम्ही केला असता तर तुमचे लिहिले असते.” ते हसले, पण चहा अर्धाच घेतला. 2011 पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांना आहेत. ती खुर्ची त्यांची आहे, यजमानांची नाही, हे आपणही मनात धरले पाहिजे. काही नगरसेविका आता स्वतः विषयपत्रिका घेऊन मंडळात येतात आणि विचारतात, ह्यावर तुमचे काय म्हणणे? त्यांचे मला कौतुक वाटते.

मग 2022 च्या सुरुवातीला नगरपरिषदेची मुदत संपली. आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात होता, निवडणुका लांबल्या, आणि राज्यभर ठिकठिकाणी प्रशासक आले. मुंबईच्या महानगरपालिकेचीही मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती, आणि तिथे मतदान झाले ते जानेवारी 2026 मध्ये. आपल्याकडे सभाच बंद. कुणी म्हणाले, आता फळा धुऊन ठेवा. पण सभा बंद झाली तरी खर्च थांबतो थोडाच! ठराव होतच होते, फक्त एका टेबलावर. तेव्हा आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला शिकलो. 2005 सालचा कायदा. साध्या कागदावर अर्ज, त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट, तीस दिवसांत उत्तर, आणि नक्कल हवी तर पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या भगिनींना अर्जाची फी नाही. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात असेही आहे की आपल्या सभा लोकांना खुल्या आहेत की नाहीत आणि त्यांचे इतिवृत्त पाहता येते की नाही, हे कचेरीने न मागता जाहीर केले पाहिजे. पहिल्या अर्जाला उत्तर उशिरा आले, दुसऱ्याला वेळेवर आले. त्या वर्षांत फळ्यावर मजकूर थोडा असे, पण फळा कोरा राहिला नाही.

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांचे मतदान झाले. आता पुन्हा सभा होतात. नव्या मंडळींपैकी बऱ्याच जणांनी आपला फळा पाहिलेला नाही, तेव्हा पहिले काही महिने आपण नियमाने जाऊन बसले पाहिजे. एक सूचना करते. विषयपत्रिकेच्या तळाशी “ऐनवेळी येणारे विषय” अशी एक ओळ असते. स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून आपण उठतो, आणि नेमके तेव्हाच तिथे काहीतरी निघते. म्हणून दोघींनी जावे; एकीने मुलांच्या वेळेला घरी परतावे आणि दुसरीने शेवटपर्यंत बसावे. फेब्रुवारीच्या सुमारास अंदाजपत्रकाची सभा असते, तिला तर चौघी हव्यात. महिला व बालकल्याणासाठी किती पैसे ठेवले आणि गेल्या वर्षीचे किती खर्च झाले, हे दोन आकडे त्यातून उतरून आणायचे.

मुलगा म्हणतो, आता सगळे मोबाइलवर टाका. टाकतोही. आपल्या गटावर नोटिशीचा फोटो जातो. पण फळ्यासमोर माणसे थांबतात, एकमेकांना विचारतात, आणि ज्या आजींकडे मोबाइल नाही त्यांना शेजारीण वाचून दाखवते. म्हणून दोन्ही चालू ठेवावे असे मला वाटते.

येत्या सभेची नोटीस अजून लागलेली नाही. कचेरीत बघायला जाण्याची पाळी सोमवारी खालच्या आळीची आणि गुरुवारी आपली आहे. गुरुवारच्या भगिनींकडे लग्नकार्य आहे, तेव्हा त्यांच्या जागी कुणीतरी आजच चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. खडू संपत आले आहेत, तेही कुणी येताना आणावेत. पांढरे आणावेत, रंगीत पावसात लवकर पुसतात.